महायुद्ध आणि पाठीवरचे वळ

सज्जनहो, गेल्या कार्तिकात आळंदीला निघालेल्या नाशिककडच्या एका दिंडीची वाट पाहत आम्ही आळेफाट्यावर थांबलो होतो. आळेफाटा म्हणजे चार वाटांचा चौक. पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज घाट चढून कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. कांद्याचे ट्रक, एस.टी. गाड्या, मुंबईहून गावी परतणारी माणसे आणि कार्तिकात टाळ-पताका घेतलेले वारकरी, अशी सगळी दाटी या एका चौकात होते. दिंडीला अवकाश होता, म्हणून चहाच्या टपरीवर टेकलो. शेजारच्या बाकावर चार पोरे मोबाईलमध्ये काहीतरी बघत होती आणि हसत होती. "बघ, बघ, कसला उडवला!" असे एक जण म्हणाला. आम्हीही मान वाकवून पाहिले. दूरच्या कुठल्याशा देशातल्या लढाईचे ते चित्र होते. आभाळातून एक यंत्र खाली येते, खड्ड्यात बसलेला माणूस दोन्ही हात वर करतो, आणि मग नुसता धूर.

आम्ही विचारले, "बाळांनो, कोण रे हा माणूस?"

त्यातला एक म्हणाला, "काय म्हाईत, बुवा. असंल कोणतरी तिकडचा. आपल्याला काय त्याचं?"

पोरगा वाईट नव्हता. आमच्या चहाचे पैसे त्यानेच दिले, जाताना पायाही पडला. आम्हीही त्याला त्या वेळी नीटसे उत्तर दिले नाही, कारण दिंडी आली आणि आम्ही उठलो. पण "आपल्याला काय त्याचं?" हा त्याचा प्रश्न आळंदीपर्यंत आमच्याबरोबर चालत आला. त्याचे उत्तर आता या पानांवर देण्याचा प्रयत्न करतो.

त्या फाट्यापासून जवळच आळे गाव आहे आणि तिथे रेड्याची समाधी आहे, हे वारकऱ्याला सांगायला नको. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे माउली उभी होती. सर्व भूतांत एकच आत्मा आहे असे हे पोर म्हणते, तर समोरून पखाल वाहत चाललेला तो रेडा आणि हा एकच की काय, असे कोणीतरी हिणवून विचारले. माउली हो म्हणाली. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ उठले ते माउलीच्या पाठीवर. त्यानंतर रेड्याच्या मुखातून वेद वदवले. पुढे आळंदीच्या वाटेवर त्या रेड्याने आळ्याला देह ठेवला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे.

ही कथा आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. वेद बोलणारा रेडा लोकांना फार आवडतो. आम्हांलाही तोच आवडे. अलीकडे मात्र आम्हांला वाटू लागले आहे की, या कथेचे मर्म आधीच्या वळात आहे. रेड्याने वेद म्हणणे ही घटना एकदाच घडली, आणि ती घडवायला माउलीच लागली. पण दुसऱ्याच्या पाठीवरचा आसूड आपल्या पाठीला लागणे, हे साधन तुम्हां-आम्हांला रोजचे सांगितलेले आहे. ज्या घरात, ज्या राज्यात ते सुटले, तिथे युद्धाची तयारी सुरू झाली असे समजावे. हे आमचे म्हणणे नुसते भाविकपणाचे आहे की काय, ते इतिहासावर घासून पाहू.

पहिल्या महायुद्धाची कारणे शाळेच्या पुस्तकांत दिलेली असतात. साम्राज्यांची चढाओढ, शस्त्रांचे साठे, आपापसांतले तह, राष्ट्राभिमान. ही कारणे खरीच आहेत, आम्ही ती खोडत नाही. पण सरपण रचलेले असले म्हणजे आग लागलीच पाहिजे असे नाही. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो नावाच्या गावी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको यांना गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या पोराने गोळ्या घातल्या. त्यानंतर ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरेपर्यंत ३७ दिवस गेले. या ३७ दिवसांत युद्ध टळण्यासारखे होते. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन अटी घातल्या. सर्बियाने त्यांतल्या बहुतेक अटी मान्य केल्या. तरी २८ जुलैला युद्ध पुकारले गेले. मग रशियाने सैन्य जमवायला सुरुवात केली, जर्मनीने रशियाशी आणि फ्रान्सशी युद्ध पुकारले, बेल्जियममध्ये फौजा शिरल्या, आणि इंग्लंड उठले.

उद्योगपर्व वाचलेल्या माणसाला यात काही नवे वाटू नये. भगवान शिष्टाईला गेले तेव्हा पाच गावांवर तडजोड करायला तयार होते. पण दुर्योधनाला सुईच्या अग्राएवढी जमीन सोडवत नव्हती. आणि गंमत अशी की, ही लढाईसुद्धा भाऊबंदकीच होती. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस हे तिघे एकमेकांच्या नात्यातले भाऊ. शेवटच्या आठवड्यात कैसर आणि झार एकमेकांना घरातल्या लाडक्या नावांनी तारा पाठवीत होते. इकडे तारा चालू, तिकडे सैनिकांच्या आगगाड्या सुटत होत्या. एकदा गाड्या सुटल्या की वेळापत्रक मोडता येत नाही, असे सेनापती सांगत राहिले. झार पुढे १९१८ साली कुटुंबासह मारला गेला, कैसर हॉलंडला पळाला. पण त्या ३७ दिवसांत तारेच्या कागदावर सही करणाऱ्या एकाही हाताला शेतकऱ्याच्या पोराच्या पाठीवरचा आसूड जाणवला नाही. आमच्या मते सगळ्या कारणांचे कारण ते हे.

आता आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाने विचारावे, साराजेव्हो कुठे आणि आळे कुठे? तर ऐका. इंग्रजांच्या आरमाराने कोळशाऐवजी तेल जाळायला सुरुवात केली होती. ते तेल इराणातून येई आणि आबादानला शुद्ध होई. त्याच्या राखणीला नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या वाटेने जी फौज उतरली, तिचे नाव सहावी पूना डिव्हिजन. नावातच पुणे आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. युद्धात उतरायचे का, हे हिंदुस्थानला कोणी विचारले नव्हते. या देशातून १३ लाखांहून अधिक माणसे, शिपाई आणि मजूर मिळून, समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. या माणसांना कैसरचा राग होता का? आमच्या डोंगरकडच्या जमिनी हलक्या, डोक्यावर सावकार, घरात चार भाऊ. एकाने पलटणीत जावे, घरी मनिऑर्डर यावी, एवढाच बहुतेकांचा हिशेब. कोणाच्या घराण्यात शिपाईगिरीची चाल होती, तो मानाने गेला. महाराष्ट्रातल्या काही गावांच्या चावडीवर अजून दगडी पाट्या दिसतात. या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईवर इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढेच त्यांवर असते. नावे नसतात, आकडे असतात. हे आकड्यांचे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

ही पूना डिव्हिजन तैग्रीस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने चढत गेली, हरली, आणि कूत-अल-अमारा या गावी येऊन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा तो वेढा. धान्य संपले. घोडे मारून खायची पाळी आली. आपल्याकडचे बरेच शिपाई घोड्याचे मांस खाईनात. उपाशी राहिले, हिरड्या सुजल्या, रक्त पडू लागले. शेवटी धर्माचार्यांची संमती मागवली तेव्हा त्यांतल्या पुष्कळांनी ते तोंडात घातले. वाचकहो, इथे क्षणभर थांबा. युद्ध पुकारताना ज्यांना कोणी धर्म विचारला नाही, त्यांना घास गिळताना मात्र धर्म सोडवायला लावले. वेढ्याच्या शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसे कैद झाली आणि वाळवंटातून चालवीत नेली. कित्येक वाटेत पडली, कित्येक रेल्वेच्या कामावर खपली.

हे सगळे आम्हांला पुस्तकांतून कळले ते फार उशिरा. त्याआधी ते एका म्हातारीकडून कळले, आणि ते सांगताना आमची स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे.

१९९९ साल. कारगिलची लढाई चालू होती. आमच्याच भागातल्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. आम्ही तेव्हा चाळिशीच्या आत, आवाज चांगला, मृदंगाची साथ उत्तम. सीमेवरच्या जवानांचे गुणगान केले ते योग्यच होते. पण लोक रंगले हे पाहून आम्ही पुढे गेलो. शत्रूच्या घरोघरी कशी रडारड झाली असेल, तिकडच्या आया कशा ऊर बडवीत असतील, याचे आम्ही हावभावांसकट सोंग केले. मंडप हसला. टाळ्या पडल्या. विणेकऱ्याने तेवढी मान खाली घातली, ती आम्हांला दिसली आणि आम्ही न पाहिल्यासारखे केले.

कीर्तन झाल्यावर एक म्हातारी काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची. पाया पडून म्हणाली, "बुवा, कीर्तन लई ग्वाड झालं. पन येक ईचारू का? रडनाऱ्या बाया तिकडल्या असल्या तरी त्या आमच्यावानीच रडत असत्याल न्हवं?" मग तिने ओच्यातून फडक्यात बांधलेली एक जड चकती काढली. हाताच्या पंजाएवढी, काशासारख्या धातूची, हळदी-कुंकवाने माखलेली. तिच्यावर सिंह होता आणि हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई. म्हातारी म्हणाली, "मी आईच्या पोटात व्हते तवा बाप बसऱ्याला गेला. तो काय आला न्हाई, ही आली. आईनं देवी म्हनून देव्हाऱ्यात ठिवली. तुमी शिकलेले. वाचून दावा तेवढी."

आमचे शिक्षण पाठशाळेतले. व्याकरण आणि वेदान्त यांत आयुष्य गेले. इंग्रजी लिपी आम्हांला धड येत नव्हती. गावच्या मास्तरांना बोलावले. त्यांनी सांगितले की, ही देवी नव्हे, ही इंग्रजांच्या देशाची मूर्ती. लढाईत मेलेल्यांच्या घरी सरकारने अशा चकत्या पाठवल्या होत्या. कडेने लिहिले होते त्याचा अर्थ असा की, हा मनुष्य स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. १९१६ साली आम्हांला कोणते स्वातंत्र्य होते ते देव जाणे. आणि मधोमध एका चौकटीत त्याचे नाव होते. मास्तरांनी ते मोठ्याने वाचले.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. आम्ही विचारले, "आजी, काय झालं?" ती म्हणाली, "आईनं त्येचं नाव कंदी घेतलं न्हाई." जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. सगळा जन्म ती त्या चकतीला हळद-कुंकू वाहत राहिली, आणि जे नाव तोंडाने घ्यायचे नाही ते तिच्याच बोटाखाली, वाचता न येणाऱ्या अक्षरांत कोरलेले होते. त्या घराण्याला विचारल्यावाचून ते नाव इथे छापणे बरे नव्हे, म्हणून छापीत नाही. पण दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात, सगळ्या गावापुढे आम्ही ते नाव घेतले आणि आदल्या रात्रीच्या सोंगाबद्दल हात जोडून क्षमा मागितली. तेव्हापासून कोणाच्याही आईच्या रडण्याचे सोंग आम्ही केलेले नाही.

आता परिणामांकडे वळू. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबले असे पुस्तकात असते. आमच्या आजीच्या हिशेबी ते तेव्हा कुठे गावात येऊन पोचले होते. जुन्नरकरांना मानमोडी म्हटले की लेण्यांचा डोंगर आठवतो. आजी मानमोडी म्हणे ती वेगळी. १९१८ च्या त्या तापाच्या साथीला लोक मानमोडी म्हणत. जूनमध्ये साथ मुंबईला उतरली. फौजांची ने-आण करणाऱ्या बोटी आणि दाटीच्या आगगाड्या यांनी ती देशभर नेली. त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला, धान्य महागले. ऑक्टोबरात मुंबईत एका दिवशी सातशेवर माणसे दगावली. देशभरात १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत माणसे गेली, असे अंदाज आहेत. साऱ्या जगाच्या रणांगणांवर मिळून जेवढे शिपाई पडले, त्यांच्यापेक्षा हे अधिक. युद्धाने रोग निर्माण केला असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला पाय युद्धाने दिले. आजी सांगे की, वाड्यात तिसऱ्या दिवशी तिरडीला चौथा खांदा मिळेना. त्या माणसांची कोणत्याही दगडावर नोंद नाही, कारण ती लढाईत मेली असे कोणी धरत नाही.

तहाचे काय झाले? व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. साराजेव्होच्या गोळीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे पुरी झाली. जिंकलेल्यांनी दोष सगळा हरलेल्यांच्या माथी मारला आणि न झेपणारा दंड बसवला. १९२३ साली जर्मनीत नोटांची किंमत रद्दीइतकी उरली, १९२९ नंतर जगभर मंदी आली, कामाविना माणसे रस्त्यावर आली, आणि १९३३ साली हिटलर सत्तेवर बसला. नुसता तह कारण होता असे नाही, मधे पुष्कळ वाटा होत्या. तरी हरलेल्याच्या पाठीवर ओढलेला आसूड जिंकलेल्याला लागला नाही, हे खरे. भारतातही तेच घडले आहे. अठरा दिवसांची लढाई संपल्यावर अश्वत्थामा रात्री छावणीत शिरला आणि झोपलेली पोरे कापून गेला. पांडव जिंकले, पण सकाळी घरात पोर उरले नव्हते.

१ सप्टेंबर १९३९ ला दुसरे महायुद्ध पेटले. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात आहे असे जाहीर केले. याही वेळी कोणाला विचारले नाही. या देशातले २५ लाख लोक फौजेत भरती झाले. १९४३ साली बंगालात ३० लाखांच्या घरात माणसे भुकेने आणि रोगाने मेली. आपल्या भागाला झळ लागली ती मुंबईच्या वाटेने. जुन्नर-आंबेगावची किती माणसे पोटासाठी मुंबईच्या गोदीत, गिरणीत, बाजारात ओझी वाहत होती, ते घरोघर ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज दुपारी पेटले. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाचे गठ्ठेही भरलेले होते. कापूस आणि दारू एका पोटात भरू नये, हे पोरालाही कळते. पण युद्धात घाई सगळ्यांत मोठी. चारच्या सुमारास दोन स्फोट झाले. आठशेच्या वर माणसे मेली, त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे जवानही होते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून आजही पाळतात तो त्यांच्यासाठी. शत्रूचे एकही विमान त्या दिवशी मुंबईवर आले नव्हते. त्याच युद्धात धान्यावर सरकारी नियंत्रण आले, १९४३ साली मुंबईत रेशन सुरू झाले. युद्ध १९४५ साली संपले, पण आमच्या आयाबाया रेशनच्या दुकानाला पुढे कितीतरी वर्षे 'कंट्रोल'च म्हणत राहिल्या. आणि २०२२ साली रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा, इकडे आमच्या कांदेवाल्याला खत आणि गृहिणीला सूर्यफुलाचे तेल महाग पडले. मोबाईलात हसणाऱ्या पोराला आम्ही एवढे तरी सांगायला हवे होते की, बाबा, त्या खड्ड्यातल्या माणसाचा आणि तुझ्या बापाच्या खताच्या गोणीचा संबंध आहे.

पण हे उत्तर पुरेसे नाही. खताची गोणी महाग झाली म्हणून युद्ध वाईट, हा व्यापाऱ्याचा हिशेब झाला. त्याच्या पुढे जावे लागते.

इथे कोणी विद्वान आम्हांला अडवील. बुवा, गीता रणांगणावरच सांगितली ना? हिटलरला काय टाळ वाजवून थांबवायचे होते? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. ज्या राजवटीने ६० लाख ज्यूंना, बायका-पोरांसकट, ठरवून मारले, तिला शस्त्राने थांबवावे लागले, आणि थांबवणाऱ्यांत आपली माणसे होती याचा आम्हांला अभिमान आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचा नामदेव जाधव मराठा पलटणीत शिपाई होता. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीच्या काठी त्याच्या तुकडीवर गोळ्यांचा मारा झाला. त्याने पहिल्यांदा काय केले? एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून आणि पेरलेल्या सुरुंगांतून पलीकडे पोचवले. मग परत गेला आणि दुसऱ्याला आणले. त्यानंतर एकट्याने शत्रूच्या मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या शौर्याचा आरंभ सोबत्याच्या वेदनेपासून झाला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. भगवंतांनी अर्जुनाला लढ म्हटले; पण द्वेष धरून लढ असे कुठेही म्हटले नाही, आणि ते म्हणण्याआधी स्वतः शिष्टाईला जाऊन आले. लढणे कधी कधी धर्म होते. दुसऱ्याच्या मरणावर हसणे कधीच धर्म होत नाही. त्याच युद्धाच्या शेवटी, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी या दोन गावांवर अणुबॉम्ब पडले, तेव्हा चांगल्या बाजूच्या हातूनही काय होऊ शकते ते जगाने पाहिले.

आता तो आकड्यांचा धागा हाती घेऊ. तैग्रीसच्या मुलखात मेलेल्या आणि ज्यांची थडगी-ठिकाणे सापडली नाहीत, अशा ४० हजारांहून अधिक माणसांसाठी इंग्रजांनी १९२९ साली बसऱ्याला एक स्मारक उभारले. गोऱ्या शिपायांची नावे त्यावर कोरली. आपल्याकडच्या अंमलदारांची नावे कोरली. आपल्या साध्या शिपायांचे मात्र, अमुक पलटण आणि आणखी इतके, असे आकडे टाकले. फ्रान्समध्ये न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत, हेही खरे. पण बसऱ्याला नाहीत. २०२१ साली त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या मंडळाने, हा भेदभाव झाला असे मान्य करून क्षमा मागितली. म्हणजे त्या म्हातारीच्या बापाचे नाव हळदी-कुंकवाखाली झाकलेल्या एका चकतीवर उरले, आणि जिथे तो पडला तिथे तो आकडा झाला.

आम्ही कीर्तनकार भीष्मपर्व सांगतो, कर्णपर्व सांगतो, स्त्रीपर्वाला हात लावत नाही. तिथे वीररस नाही. पण स्त्रीपर्वातच धृतराष्ट्र विचारतो की, ज्यांचे कोणी नाही त्यांच्या प्रेतांचे काय? आणि धर्मराज विदुर, संजय, धौम्य यांना सांगून मित्र-शत्रू न पाहता सगळ्यांना अग्नी देववितो. कोणी बेवारस जाऊ नये म्हणून. पुढे नदीवर तिलांजली द्यायची वेळ येते तेव्हा कुंतीला राहवत नाही आणि ती कर्णाचे नाव उघड करते. जिवंत होता तोवर जे नाव लपवले, ते तर्पणाला घ्यावेच लागले. कारण नाव-गोत्र उच्चारल्यावाचून तर्पण होत नाही. आकड्याला पाणी पोचत नाही.

वारकऱ्याला नामाची थोरवी आम्ही काय सांगावी? पण आमच्या मनात एक गोष्ट बसली आहे ती अशी. आपल्या आळ्याला एका मुक्या जनावराला समाधी आहे, लोक तिथे नारळ फोडतात, पताका चढवतात, सात शतके लोटली तरी त्याला विसरले नाहीत. कारण एका माउलीला त्याच्या पाठीवरचा आसूड लागला होता. आणि जगाच्या मोठ्या भागावर राज्य करणाऱ्या साम्राज्याला आपल्यासाठी मेलेल्या माणसांची नावेसुद्धा दगडावर कोरावीशी वाटली नाहीत. माणूस आकडा झाला की त्याला मारणे सोपे, आणि मेल्यावर विसरणे त्याहून सोपे. पोरांच्या मोबाईलातला तो हात वर केलेला माणूस त्यांना आकडाही नव्हता. नुसता धूर होता.

मग आपण काय करावे? युद्धे थांबवणे तुमच्या-आमच्या हातात नाही, ते ज्यांच्या हातात आहे त्यांना सुबुद्धी होवो. पण तीन गोष्टी हातात आहेत. आपल्या गावातून दोन्ही महायुद्धांवर आणि नंतरच्या लढायांवर कोण कोण गेले, त्यांची नावे म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून विचारून लिहून काढावीत. जुन्या चकत्या, पेन्शनचे कागद, पदके अजून ट्रंकांत असतील. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, विणा खाली ठेवण्याआधी, ती नावे एकदा मोठ्याने वाचावीत. आणि मरणाचे तमाशे पोरांनी पाहू-दाखवू नयेत, असे त्यांना रागावून नव्हे, जवळ बसवून सांगावे. माउलींनी ग्रंथाच्या शेवटी जे मागणे मागितले, त्यात दुष्ट मरोत असे नाही. त्यांचा वाकडेपणा जावो आणि जीवाजीवांत मैत्री पडो, असे आहे. ते मागणे आपण रोज म्हणतो. म्हणताना आपल्या मनात कोणाची मढी मोजणे चालू आहे की काय, तेवढे तपासावे.

त्या टपरीवरच्या पोराला आम्ही पुन्हा गाठणार आहोत. सापडला तर त्याला घेऊन आळ्याला जाऊ, समाधीपुढे बसवू आणि पैठणची कथा सांगू. वेदांपर्यंत न जाता वळापाशीच थांबू. मग त्याने पुन्हा विचारले की, आपल्याला काय त्याचं, तर आम्ही म्हणू, "बाळा, जरा आपल्या पाठीला हात लावून बघ."

राम कृष्ण हरी.